टॉमकॅट ९ : लॉगिन फिल्टर चालतच नाही, ‘/’ दिलेला फिल्टर फक्त पहिल्या पानावर चालतो

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. केळी खरेदीच्या वजनकाट्याचं वेब ॲप्लिकेशन आहे. जावा ११, टॉमकॅट ९ (ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर), साधे सर्व्हलेट (रिक्वेस्टला उत्तर देणारे जावा क्लास) आणि जेएसपी, स्प्रिंग नाही. वॉर फाइलीचं नाव ‘केळीकाटा’, त्यामुळे प्रत्येक पत्ता ‘/केळीकाटा/’ने सुरू होतो. (पत्ते आणि क्लासची नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलीत ती रोमनमध्ये आहेत.)

तीन फिल्टर आहेत, म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हलेटकडे पोचण्याआधी चालणारे क्लास. नोंदफिल्टर कोणी कोणतं पान केव्हा उघडलं ते लिहितो. लॉगिनफिल्टर सेशनमध्ये वापरकर्ता नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठवतो. अक्षरफिल्टर रिक्वेस्टचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करतो. वेब.एक्सएमएलमध्ये मॅपिंग या क्रमाने आहे:

नोंदफिल्टर : यूआरएल-पॅटर्न ‘/’
लॉगिनफिल्टर : यूआरएल-पॅटर्न ‘/केळीकाटा/काटा/*’ आणि ‘/अहवाल/**’
अक्षरफिल्टर : सर्व्हलेट-नेम ‘पावतीसर्व्हलेट’

नोंद फक्त पहिलं पान उघडल्यावर होते, आत कुठेही गेलं तर होत नाही. लॉगिनफिल्टर कुठेच चालत नाही. इन्कॉग्निटो विंडोत ‘/केळीकाटा/अहवाल/दिवस’ टाकलं की दिवसभराच्या खरेदीचा हिशोब लॉगिनशिवाय समोर येतो. सर्व्हर सुरू होताना एरर दिसत नाही. मध्ये ‘/अहवाल/*.जेएसपी’ असा पॅटर्न देऊन पाहिला, तर ॲप्लिकेशनच उठलं नाही, सगळीकडे ४०४.

सर्व्हलेटला ‘/’ दिला की सगळ्या रिक्वेस्ट त्याच्याकडे जातात, मग फिल्टरला का जात नाहीत?

---

पांझरा_काठ

भाऊ, हिशोब उघडा पडलाय, तर आधी तो झाका. ॲप्लिकेशनच्या कॉन्टेक्स्ट फाइलीत रिमोट ॲड्रेस व्हॉल्व्ह लावून काट्याच्या नेटवर्कबाहेरचे आयपी बंद करा. त्याच्या ‘अलाउ’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन लागतं, म्हणून आयपीतले टिंब बॅकस्लॅश देऊन लिहा. मग निवांत दुरुस्ती करू.

तुमच्या मॅपिंगमध्ये तीन वेगळ्या चुका आहेत, आणि त्यातल्या दोन टॉमकॅट निमूट खपवून घेतो.

‘/’ची गोष्ट आधी. सर्व्हलेटच्या मॅपिंगमध्ये ‘/’चा अर्थ ‘दुसरं कोणी घेतलं नाही तर मी घेतो’ असा आहे. एका रिक्वेस्टला शेवटी एकच सर्व्हलेट मिळतो, म्हणून तिथे असा राखीव गडी लागतो. फिल्टरचं तसं नाही. जेवढे फिल्टर जुळतील तेवढे सगळे साखळीत येतात, त्यामुळे ‘कोणीच नसेल तर’ या नियमाला तिथे जागाच नाही. टॉमकॅट फिल्टर निवडताना तंतोतंत पत्ता, ‘/काही/*’ आणि ‘*.काही’ एवढ्याच तीन तऱ्हा तपासतो. ‘/’ यातल्या पहिल्या तऱ्हेत बसतो, म्हणजे नुसतं मूळ पान. सगळ्यांवर फिल्टर हवा तर ‘/*’ लिहा.

‘/केळीकाटा/काटा/*’ यातला ‘/केळीकाटा’ हा कॉन्टेक्स्ट पाथ आहे. टॉमकॅट तो कापून टाकतो आणि उरलेला भाग पॅटर्नशी ताडून बघतो. तुमचा फिल्टर ‘/केळीकाटा/केळीकाटा/काटा/’ या पत्त्यावर चालला असता, आणि असा पत्ता कोणी टाकत नाही. उद्या वॉरचं नाव बदललं की हा भागही बदलणार, म्हणून वेब.एक्सएमएलमध्ये तो कुठेच नसावा. फॉरवर्डलाही तो नको. सेंडरिडायरेक्टमध्ये मात्र हवाच, कारण तो पत्ता ब्राउझरकडे जातो आणि ब्राउझरला कॉन्टेक्स्ट पाथ म्हणजे काय ते माहीत नसतं. तिथे हाताने न लिहिता रिक्वेस्टच्या गेटकॉन्टेक्स्टपाथमधून घ्या.

‘/अहवाल/**’ ही दोन चांदण्यांची भाषा स्प्रिंगची आहे, सर्व्हलेटच्या नियमांत ती नाही. शेवटी ‘/*’ नसल्यामुळे टॉमकॅट तो अक्षरशः ‘/अहवाल/**’ एवढाच एक पत्ता मानतो. टॉमकॅटच्या कॅटालिना लॉगमध्ये ‘सस्पिशस यूआरएल पॅटर्न’ अशी ओळ सापडेल. ती इन्फो पातळीवर येते, म्हणून तुम्हाला एरर दिसली नाही.

‘/अहवाल/*.जेएसपी’ मात्र तो चालवून घेत नाही. स्लॅशने सुरू होणाऱ्या पॅटर्नमध्ये ‘*.’ आलं की इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन येतं आणि अख्खं ॲप्लिकेशन सुरू व्हायचं थांबतं. सगळीकडे ४०४ त्यामुळेच. फोल्डर आणि एक्स्टेन्शन एकाच पॅटर्नमध्ये बसत नाहीत.

‘/अहवाल/*’ लिहिल्यावर ‘/अहवाल’, ‘/अहवाल/’ आणि ‘/अहवाल/दिवस/आज’ तिन्ही जुळतात. ‘/अहवालजुना’ जुळत नाही. रोमनमध्ये लिहिताना लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते, तेही बघा.

अंदाजाने बदल करत बसू नका. प्रत्येक फिल्टरच्या डूफिल्टरमध्ये पहिलीच ओळ लॉगची ठेवा: फिल्टरचं नाव, गेटडिस्पॅचरटाइप, गेटसर्व्हलेटपाथ, गेटपाथइन्फो. आणि एका तात्पुरत्या सर्व्हलेटमध्ये सर्व्हलेटकॉन्टेक्स्टचं गेटफिल्टररजिस्ट्रेशन्स फिरवून प्रत्येकाचं गेटयूआरएलपॅटर्नमॅपिंग्ज छापा. फाइलीत काय लिहिलंय त्यापेक्षा सर्व्हरने काय वाचलंय ते कळलं पाहिजे. जुनी वॉर चढलेली असेल तर तीही इथेच पकडली जाते.

तूर्त नोंदफिल्टरला ‘/*’, लॉगिनफिल्टरला ‘/काटा/*’ आणि ‘/अहवाल/*’.

---

गिरणाकाठची

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त शेवटची ओळ मला पटत नाही. लॉगिनफिल्टरला दोन फोल्डर नेमून दिले की पुढच्या महिन्यात ‘/आगाऊ/’ नावाचं नवं पान येईल, त्यात शेतकऱ्यांना दिलेल्या उचलीचे आकडे असतील, आणि मॅपिंगमध्ये ते घालायचं राहून जाईल. लॉगिनफिल्टरही ‘/*’वरच ठेवा आणि मोकळे पत्ते मोजून सोडा. यूआरएल-पॅटर्नमध्ये ‘हे सोडून बाकी’ असं लिहायची सोय नाही, त्यामुळे वगळणं फिल्टरच्या कोडमध्येच करावं लागतं.

‘/*’ केल्यावर लगेच तीन गोष्टी अंगावर येतात. लॉगिनचं पानही त्याच फिल्टरमधून जातं, तिथून पुन्हा लॉगिनकडे पाठवलं जातं, आणि ब्राउझर ‘फार वेळा रिडायरेक्ट झालं’ म्हणून थांबतो. लॉगिनचं पान आणि लॉगिन स्वीकारणारा सर्व्हलेट, दोन्ही वगळा. पुष्कळदा पान वगळलं जातं आणि सर्व्हलेट राहून जातो, मग बरोबर पासवर्ड टाकूनही माणूस परत लॉगिनवरच येतो.

दुसरं, लॉगिनचं पान उघडतं पण रंगरूप नसतं. कन्सोलमध्ये स्टाइलशीटचा प्रकार टेक्स्ट/एचटीएमएल असल्याची तक्रार दिसते. सीएसएस मागितलं आणि लॉगिनचं पान मिळालं, असा त्याचा अर्थ. सगळं सीएसएस, चित्रं, स्क्रिप्ट एका ‘/स्थिर/’ फोल्डरमध्ये ठेवा आणि तेवढंच सोडा.

तिसरं काट्याच्या पानाचं. ते दर काही सेकंदांनी वजन मागवत असणार. सेशन संपलं की त्या मागणीला ३०२ मिळतो, ब्राउझर मुकाट्याने लॉगिनचं पान २०० सह आणतो, आणि स्क्रिप्ट जेसॉन समजून एचटीएमएल वाचायला जाते. अशा मागण्यांना रिडायरेक्ट न करता ४०१ द्या आणि पानावर ‘पुन्हा लॉगिन करा’ दाखवा.

आणि सेंडरिडायरेक्टच्या पुढच्याच ओळीत ‘रिटर्न’ आहे ना, ते तपासा. नसेल तर खाली चेन.डूफिल्टर चालतोच. ब्राउझरला लॉगिनचं पान दिसतं, पण पावती रद्द करायची रिक्वेस्ट असेल तर पावती रद्द झालेली असते. सेशन बघताना गेटसेशनला ‘फॉल्स’ द्या, नाहीतर येणाऱ्या प्रत्येक अनोळखी रिक्वेस्टला नवं रिकामं सेशन तयार होतं.

---

केळीबाग_रावेर

पांझरा दादा, ताई, दोघांचे आभार. आयपी बंद केले. लॉगिनफिल्टर ‘/*’वर घेतला, ‘रिटर्न’ खरंच नव्हतं, ते घातलं. अहवाल आता लॉगिनशिवाय उघडत नाही.

पण नवीन अडचण आली. पावतीत बागेचा प्रकार लिहायची जागा आहे, तिथे ‘नवती’, ‘पिलबाग’, ‘कांदेबाग’ लिहिलं की सेव्ह होताना युरोपीय अक्षरांची रांग बनते. काल, म्हणजे लॉगिनफिल्टर चालत नव्हता तेव्हा, हे नीट जात होतं. शोधाच्या चौकटीत मराठी टाकलं तर बरोबर सापडतं. अक्षरफिल्टरचं मॅपिंग फाइलीत सगळ्यात वर नेलं, सर्व्हर बंद करून चालू केला, फरक नाही. लॉगमध्ये क्रम अजूनही नोंद, लॉगिन, अक्षर असाच येतो.

शिवाय, पावतीसर्व्हलेट आतल्या जेएसपीकडे फॉरवर्ड करतो त्याची नोंद येत नव्हती, म्हणून नोंदफिल्टरला डिस्पॅचर ‘फॉरवर्ड’ दिला. आता जेएसपीची नोंद येते, पण मूळ रिक्वेस्टची गेली.

वगळण्यासाठी सध्या गेटरिक्वेस्टयूआरआय घेऊन त्याचा शेवट ‘.सीएसएस’, ‘.जेएस’ किंवा ‘.पीएनजी’ आहे का, एवढं बघतो.

---

तोरणमाळ_११

आधी बिघाड कुठे आहे ते मोजून ठरवा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, मात्राही वेगळी मोजायची. ‘नवती’ म्हणजे न, व, त आणि दीर्घ वेलांटी, ४ चिन्हं, १२ बाइट. डेटाबेसमध्ये त्या जागी १२ चिन्हं असतील (त्यातली काही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून लांबी क्वेरीने काढा) तर बाइट नीट आले, पण वाचताना आयएसओ-८८५९-१ समजून वाचले. दोष रिक्वेस्टच्या वाचनात. ४ प्रश्नचिन्हं असती तर दोष डेटाबेसच्या टेबलात किंवा जोडणीत शोधावा लागला असता. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारचं आहे.

शोध चालतो कारण तो गेट पद्धतीने जातो. पत्त्यातली अक्षरं टॉमकॅट ८पासून मुळातच यूटीएफ-८ धरली जातात. पोस्टचा मजकूर मात्र कोणी एन्कोडिंग सांगितलं नाही तर सर्व्हलेटच्या नियमाप्रमाणे आयएसओ-८८५९-१ धरला जातो.

आता क्रम. फिल्टरच्या साखळीत यूआरएल-पॅटर्नने जुळलेले सगळे आधी येतात, आपसांत मॅपिंगच्या क्रमाने. सर्व्हलेट-नेमने जुळलेले त्यांच्यानंतर. अक्षरफिल्टर सर्व्हलेट-नेमने बांधलेला आहे, म्हणून फाइलीत कितीही वर नेला तरी तो दुसऱ्या गटातच राहतो. काल चाललं कारण त्याच्या आधी पॅरामीटर वाचणारं कोणी चालतच नव्हतं. आता लॉगिनफिल्टर आधी चालतो आणि तो गेटपॅरामीटर वापरत असणार, बहुधा लॉगिननंतर परत कुठे जायचं ते वाचायला. पहिल्या गेटपॅरामीटरलाच पोस्टचा सगळा मजकूर फोडून साठवला जातो. त्यानंतर सेटकॅरेक्टरएन्कोडिंग केलं तरी परिणाम होत नाही आणि एररही येत नाही.

दुरुस्ती: अक्षरफिल्टरला यूआरएल-पॅटर्न ‘/*’ द्या आणि त्याची फिल्टर-मॅपिंग बाकी सगळ्यांच्या वर ठेवा. वर जायला हवी ती फिल्टर-मॅपिंगची नोंद. फिल्टरची स्वतःची नोंद कुठे आहे याने क्रम ठरत नाही. फिल्टर ॲनोटेशनने लावले तर त्यांचा आपसातला क्रम सर्व्हलेटच्या नियमांत ठरवून दिलेलाच नाही, म्हणून जिथे क्रम महत्त्वाचा तिथे वेब.एक्सएमएलच बरं.

टॉमकॅट ९ सर्व्हलेट ४.० पाळतो, म्हणून आणखी सोपा मार्ग आहे. वेब.एक्सएमएलची आवृत्ती ४.० करून त्यात रिक्वेस्ट-कॅरेक्टर-एन्कोडिंग यूटीएफ-८ अशी एक ओळ घाला. मग अक्षरफिल्टरची गरजच राहत नाही आणि क्रमाचा प्रश्न मुळातून जातो. रिस्पॉन्ससाठीही तशीच जोडीची ओळ आहे.

बिघडलेल्या जुन्या पावत्या दुरुस्त होतात, बाइट हरवलेले नाहीत. जावामध्ये स्ट्रिंगचे बाइट आयएसओ-८८५९-१ने काढा आणि त्यांची यूटीएफ-८ने नवी स्ट्रिंग बनवा. मायएसक्यूएलमध्ये लॅटिन१ मधून फिरवायची युक्ती इथे वापरू नका. त्याचा लॅटिन१ प्रत्यक्षात विंडोज-१२५२ आहे, आणि ८०पासून ९एफपर्यंतच्या बाइटांना तिथे वेगळी अक्षरं आहेत. दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट ८०च आहे, म्हणजे ‘नवती’ तिथेच कायमची बिघडेल. आधी बॅकअप घ्या, आणि ज्या ओळीत एकही देवनागरी चिन्ह नाही तिलाच हात लावा. चांगल्या ओळीवर हे चालवलं तर तिथे खरीच प्रश्नचिन्हं उमटतील.

---

पांझरा_काठ

डिस्पॅचरचं (फिल्टर बाहेरून आलेल्या रिक्वेस्टवर चालवायचा की आतल्या फॉरवर्डवर, ते सांगणारी ओळ) उत्तर: काहीच लिहिलं नाही तर फक्त ‘रिक्वेस्ट’ धरलं जातं. एक जरी डिस्पॅचर लिहिला की ते गृहीत सुटतं आणि लिहिलेले तेवढेच लागू होतात. दोन्ही हवे तर दोन्ही लिहा. पण मग एका पावतीच्या दोन नोंदी होतील, एक सर्व्हलेटची, एक जेएसपीची. कोणी काय उघडलं हे कळायला मूळ रिक्वेस्टची नोंद पुरते, त्यामुळे मी ‘फॉरवर्ड’ काढूनच टाकेन. चुकीच्या पत्त्याची नोंद हवी असेल तर चेन.डूफिल्टरच्या नंतर रिस्पॉन्सचं गेटस्टेटस लिहा, तिथे ४०४ मिळतो.

अक्षरफिल्टर ठेवणार असाल आणि लॉगिनफिल्टर पुढेमागे ‘फॉरवर्ड’वर लावायची वेळ आली, तर दोघांचे डिस्पॅचर वेगळे पडत नाहीत ना, हेही बघा.

---

गिरणाकाठची

गेटरिक्वेस्टयूआरआयचा शेवट बघून वगळणं आजच काढा. त्यात पुन्हा तेच भोक आहे, आणि हे बाहेरून कोणालाही सापडतं.

गेटरिक्वेस्टयूआरआय ब्राउझरने पाठवलेला पत्ता जसाच्या तसा देतं. अर्धविरामानंतरचा भाग त्यात राहतो, ‘..’ सोडवलेलं नसतं, टक्केवाली अक्षरं उलगडलेली नसतात. सर्व्हलेट निवडताना मात्र टॉमकॅट हे सगळं साफ करून घेतो. म्हणून ‘/केळीकाटा/अहवाल/दिवस;क.सीएसएस’ असा पत्ता आला की तुमच्या फिल्टरला शेवटी ‘.सीएसएस’ दिसतं, तो सोडून देतो, आणि टॉमकॅट अर्धविरामापासूनचा भाग टाकून थेट ‘/अहवाल/दिवस’ चालवतो. पुन्हा लॉगिनशिवाय हिशोब.

शेवटाऐवजी सुरुवात बघून ‘/केळीकाटा/स्थिर/’ने सुरू होणारं सोडलं, तरी ‘/केळीकाटा/स्थिर/..;/अहवाल/दिवस’ निसटतं.

निर्णय गेटसर्व्हलेटपाथ आणि त्याला जोडून गेटपाथइन्फो यावर घ्या. हे दोन्ही साफ झालेले असतात आणि त्यात कॉन्टेक्स्ट पाथही नसतो. पाथइन्फो नल असू शकतो, तेवढं सांभाळा. लॉगिनचं पान आणि लॉगिनचा सर्व्हलेट तंतोतंत तुलनेने, आणि ‘/स्थिर/’ सुरुवातीच्या तुलनेने, शेवटच्या स्लॅशसकट. स्लॅश सोडला तर ‘/स्थिरहिशोब’ही मोकळा होईल.

तपासताना वरचे दोन्ही पत्ते कर्लने पाठवा. ब्राउझर आणि कर्ल दोघंही ‘..’ स्वतःच सोडवू पाहतात, कर्लला ‘पाथ-ॲज-इज’ हा पर्याय द्यावा लागतो.

---

कपाशी_धुळे

याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे स्प्रिंग बूट आहे. टोकन तपासणारा फिल्टर कॉम्पोनंट म्हणून लिहिलाय आणि स्प्रिंग सिक्युरिटीच्या साखळीतही घातलाय. प्रत्येक रिक्वेस्टला दोनदा चालतो.

---

तोरणमाळ_११

कॉम्पोनंट लिहिला की स्प्रिंग बूट तो आपणहून ‘/*’वर नोंदवतं. सिक्युरिटीच्या साखळीतला दुसरा फेरा त्याशिवायचा. त्या फिल्टरसाठी फिल्टररजिस्ट्रेशनबीन लिहा आणि त्यात सेटएनेबल्ड ‘फॉल्स’ करा, म्हणजे साखळीतला तेवढा राहील. वन्सपररिक्वेस्टफिल्टरने दुसरा फेरा दिसेनासा होतो, पण पहिला चुकीच्या जागी चालू शकतो, म्हणून नुसतं त्यावर भागवू नका.

फिल्टररजिस्ट्रेशनबीनमधले पॅटर्न सर्व्हलेटच्या नियमांचेच, तिथे ‘/**’ चालत नाही. सिक्युरिटीच्या रिक्वेस्ट मॅचरमध्ये चालतं. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही भाषा असल्यामुळे घोटाळा इथेच होतो. आणि वेबफिल्टर ॲनोटेशन वापरलंत तर सर्व्हलेट कॉम्पोनंट स्कॅन चालू केल्याशिवाय बूट ते बघतही नाही.

---

केळीबाग_रावेर

वेब.एक्सएमएल ४.० केलं, रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दोन्हींच्या एन्कोडिंगची ओळ घातली, अक्षरफिल्टर काढला. ‘नवती’ची लांबी क्वेरीने १२च आली होती, नवीन पावतीत ४ येते. लॉगिनफिल्टर पुढचा पत्ता गेटपॅरामीटरनेच वाचत होता. नोंदफिल्टर वर, लॉगिनफिल्टर खाली, दोन्ही ‘/*’, डिस्पॅचर काही लिहिला नाही. वगळणं आता सर्व्हलेटपाथवर. ताईंनी दिलेले दोन्ही पत्ते आधी जुन्या वॉरवर पाठवले, दोन्ही वेळा अख्खा अहवाल आला. नव्या वॉरवर दोन्हींना ३०२. काट्याच्या वजनाच्या मागणीला ४०१ दिला, पानावर पट्टी येते.

जुन्या पावत्यांची दुरुस्ती बॅकअपच्या प्रतीवर चालवून बघतोय. एक अडलं : काही ओळींत शेतकऱ्याचं नाव बिघडलेलं आहे, पण शेरा नीट मराठीत आहे. ओळ सोडायची की रकाना?

---

तोरणमाळ_११

रकान्याने ठरवा, मी ओळ म्हणालो ते ढोबळ होतं. प्रत्येक रकान्यात देवनागरी चिन्ह आहे का ते वेगळं तपासा. शिवाय उलगडलेली स्ट्रिंग पुन्हा यूटीएफ-८ने बाइटांत काढा आणि मूळ बाइटांशी ताडून बघा. तंतोतंत जुळले तरच लिहा. रकान्याची लांबी अपुरी पडून जिथे मजकूर एखाद्या चिन्हाच्या मधेच कापला गेला असेल तिथे ते जुळणार नाहीत. तेवढी नावं वेगळी काढून कागदी पावतीवरून भरा.